पडद्याची पाठची बाजू

मी एक जुना पडदा आहे. होय, तंबूतल्या सिनेमाचा! आज गोठ्यात कडब्यावर पांघरूण होऊन पडलोय, त्याचं मला काही वाटत नाही. पण एक गोष्ट आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो, आणि ती सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

मित्रांनो, नगरच्या एका शिंप्याने मला मांजरपाटातून शिवलं. टुरिंग टॉकीजबरोबर मी गावोगावच्या जत्रा केल्या. तंबूत पुरुष माझ्या समोर बसत आणि बायका पाठीमागे. कापड पातळ, त्यामुळे चित्र दोन्हीकडे दिसे. फक्त मागून डाव्याचं उजवं होई. नथ उजव्या नाकपुडीत दिसली की बायका म्हणत, "असंल शेराकडची तऱ्हा!" आणि पुढचं बघू लागत.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमचा तंबू कर्जतजवळच्या एका गावात होता. पहिल्याच खेळाला गोजरबाई आपल्या नव्या सुनेला, मनकर्णाला, घेऊन आली. पोर डावखुरी. जत्रेच्या जेवणावळीत तिने डाव्या हाताने वाढलं, म्हणून सासूने पाव्हण्यांदेखत तिच्या हातातली पळी हिसकावून घेतली होती. "उजवा हात वळंल तवाच नांदायला यायचं," असं बजावलं होतं. जत्रा उलगली की तिची रवानगी माहेरी. शेजारणींच्या कुजबुजीतून मला हे सगळं कळलं.

सिनेमात एक आई लढाईवरून परतलेल्या मुलाला जेवू घालते. समोरून बघाल तर उजव्या हाताने. मागून? डाव्या! मनकर्णा एकदम ताठ बसली.

"आत्याबाई, बघा की! ती बी डाव्या हातानं वाढती!"

गोजरबाई पदराने डोळे पुसत होती. "व्हय गं बया," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाने भीत भीत डाव्या हाताने वाढलं, आणि या वेळी सासूने पळी हिसकावली नाही.

गावात ही गोष्ट पसरली आणि आमच्या मॅनेजरच्या, छगनच्या, कानावर गेली. संध्याकाळी गोजरबाई सुनेला घेऊन पुन्हा त्याच सिनेमाला आली, तेव्हा मेल्याने काय करावं? भोंग्यावरून ओरडला, "डावखुऱ्या सुनेची सासू आली का? अगं येडे, मागनं सगळं उलटं दिसतंय!" सगळा तंबू खदखदला.

उलटं म्हणे! उजेड माझ्यातून आरपार जायचा. समोरच्यांना खरं आणि मागच्यांना खोटं, अशी वाटणी मी कधी केली होती? बायकांना मागे बसवलं कोणी? तूच ना? आणि वर त्यांनाच येडं म्हणतोस! वाटलं, दोर तोडून याच्या अंगावर कोसळावं.

गोजरबाईचा चेहरा काळवंडला. तिने मनकर्णाचा हात धरला, तडक पुरुषांच्या बाजूला आली आणि पहिल्या रांगेत बसली. तिला उठवायची कोणाची छाती झाली नाही. पुन्हा तीच आई आली, तेच ताट. या वेळी उजवा हात. मनकर्णाने मान खाली घातली. आता माहेरी जावं लागणार, हे ती समजून चुकली होती.

गोजरबाई उठली. डोळे घळाघळा वाहत होते. "छगन्या, काल मागं बसून रडले, आज म्होरं बसून बी रडले. हात बघून रडले व्हय रं मी? माय लेकराला जेवू घालती, त्ये बघून रडले!" मग सुनेकडे वळून म्हणाली, "चल घरी. कुटं जायाचं न्हाई तुला. वाढ तुला हव्या त्या हातानं."

हसणारे सगळे खाली बघू लागले. त्या रात्री मला जे समाधान मिळालं, ते कुठल्या शिट्ट्यांनी कधी मिळालं नव्हतं.

मित्रांनो, मला फाडून खुशाल पोतेरं करा, कापडाचं आयुष्य तेवढंच. पण एखादं चित्र बघून कोणाचे डोळे भरून आले, तर 'तुला कळलंच नाही' असं त्याला तोंड वर करून सांगू नका. आधी तो बसलाय तिथे जाऊन बसा. मग बोला.