पिराजीची कॉमेंट्री अडकते तेव्हा

पिराजी गेला आणि त्याचा आवाज मागं राहिला. शिवाजी पेठेत माणसामागं तालीम राहते, भांडणं राहतात, अर्धवट बांधकाम राहतं. आवाज राहिलेला हा पहिलाच. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या सामन्यांची कॉमेंट्री तो इंटरनेटवरच्या चॅनेलवर करायचा. पद्धत साधी होती. चेंडू आपल्याकडं असला की ओरडायचं, दुसऱ्याकडं गेला की जास्त ओरडायचं. नोकरीसाठी लांब गेलेली पेठेतली माणसं सामना बघायला नव्हे, तो आरडाओरडा ऐकायला चॅनेल लावायची.

मी त्याच्या समोरच्याच घरात राहतो. दुपारची जेवणं झाली की त्याची बायको, झुंबरवहिनी, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून जुने सामने लावायच्या. त्यांच्या प्लॅनमध्ये रोजचा डेटा मोजका. तो संपला की नेट बंद पडत नाही, नुसतं रांगायला लागतं. चित्र थिजतं, मधोमध चकती फिरत राहते आणि आवाज तुकड्यातुकड्यानं येतो. बाकीची दुनिया अशा वेळी कंपनीला शिव्या घालते. वहिनी तेव्हाच पुढं सरकून बसायच्या.

"अवो, चहा ठेवू का?" त्या विचारायच्या.

चकती फिरायची. मग पिराजी म्हणायचा, "...थांब जरा..."

"गुडघा लई दुखतोय माझा."

पुन्हा चकती. "...दाबून धर... सोडू नको..."

मी समजावून पाहिलं. "वहिनी, तो बॅकला सांगतोय. दाबून धर म्हणजे समोरच्या गड्याला."

"मला काय कळत न्हाय व्हय, भावजी?" त्या म्हणाल्या. "पर दुखायचं थांबलं की."

एकदा मात्र त्यांनी विचारलं, "आता गाठ कवा पडायची आपली?" चकती नेहमीपेक्षा फार वेळ फिरली. इतका वेळ, की आत कुणीतरी विचार करतंय असं वाटावं. मग आवाज आला, "...दुसऱ्या हाफात..." वहिनी समाधानानं हसल्या. मी चपला त्यांच्याच दारात विसरून घरी आलो आणि त्या आणायला दुसऱ्याला पाठवलं.

वर्षश्राद्धाला मुलगा उदयसिंह पुण्याहून आला. आई फिरत्या चकतीकडं बघत बसलेली त्यानं पाहिली. गुणी मुलगा, त्यानं रजा वाढवली आणि लगेच उपाय केला. भिंतीवर भला मोठा टीव्ही लागला, खिडकीतून अमर्याद डेटाची वायर आत आली, वहिनींच्या मोबाइलचा प्लॅनही त्यानं वरचा करून टाकला.

"आता तुटायचं न्हाय, आई. आप्पांना सलग ऐक."

पिराजी सलग बोलू लागला. चित्र इतकं स्वच्छ, की गोलकीपरच्या दंडावरचा ताईत दिसावा. वहिनींनी चहाचं विचारलं. तो थ्रो-इनचं सांगत राहिला. त्यांनी गुडघ्याचं काढलं; त्यानं रेफ्रीचा उद्धार केला. मधे उत्तराला जागाच नव्हती.

"ह्यो माझ्याशी बोलत न्हाय," म्हणून वहिनी उठल्या. त्यांचं जेवण कमी झालं. मी बोलायला गेलो तर टीव्हीकडं पाठ करून बसलेल्या. पिराजी दुसऱ्यांदा गेला होता, या वेळी हाय स्पीडनं.

मग एका सकाळी त्या दारात येऊन कट्ट्यावरच्या पोरांवर ओरडल्या, "आरं, वायफाय पायजे काय?" आणि पासवर्ड गल्लीभर ऐकू जाईल असा सांगून टाकला. आमच्या पेठेत फुकटच्या गोष्टीला दवंडी लागत नाही. दुपारपर्यंत तालमीतली पोरं, इस्त्रीवाला, गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका, सगळे वहिनींच्या भिंतीला बाहेरून टेकून बसले. कुणी गेम उतरवून घेत होतं, कुणी मावसबहिणीचं अख्खं लग्न वर चढवत होतं.

उदयसिंह तणतणत आत आला. "आई, सगळी गल्ली आपल्या नेटवर हाय!"

"असू दे की. खाऊ देत पोटभर."

"पासवर्ड बदलतो मी."

तो राउटरकडं वळला आणि टीव्हीवर चाललेला जुना सामना अडकला. कॉर्नर घ्यायला पोरगा पाय मागं घेऊन थिजलेला. चकती फिरू लागली. वहिनी सरकून पुढं बसल्या. मीही तिथंच होतो, दुर्दैवानं.

"...उदय..." पिराजी म्हणाला. चकती. "...गाडी आडवी लावलीस की गल्लीत..."

सामना तीन वर्षांपूर्वीचा होता. गाडी उदयसिंहनं यंदाच्या दिवाळीला घेतलेली, म्हणजे पिराजी गेल्यावर. मी खिडकीतून पाहिलं. गाडी आडवीच होती.

उदयसिंहनं स्वतःचा मोबाइल काढला, स्वतःच्या नेटवर तोच सामना, तीच जागा लावली. तिथं पिराजी घसा ताणून कॉर्नरचं सांगत होता. उदय नाही, गाडी नाही. त्यानं पुन्हा लावून पाहिलं. मग तो बाहेर गेला, गाडी सरळ लावली आणि परत येऊन आईशेजारी मांडी घालून बसला.

"आप्पा," तो थिजलेल्या चित्राला म्हणाला. त्याचा आवाज शाळेतल्या पोराचा झाला होता. "दवाखान्यातनं फोन आला तवा मी उचलला न्हाय. मीटिंगमध्ये होतो. तुम्ही मला बोलवत होता म्हणं. राग हाय काय माझ्यावर?"

चकती फिरत राहिली. वहिनींनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. आतून नुसती खरखर आली. कुणीतरी घसा साफ करावा तशी.

तेवढ्यात बाहेर पोरं उठू लागली. चकती डगमगली. थिजलेल्या खेळाडूचा पाय हलला. आता तो कॉर्नर मारणार आणि पिराजी त्याच्या मागं धावत सुटणार, मग उत्तर राहून जाणार, हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं.

उदयसिंह अनवाणी बाहेर धावला. "कुठं निघालासा रे? बसा की!"

"दादा, प्रॅक्टिस हाय."

"प्रॅक्टिस उद्या! कायतरी लावा. मोठं लावा!"

मी खिशातला मोबाइल काढला. "वहिनी, पासवर्ड सांगा."

त्यांनी सांगितला. मी हाताला लागलं ते लावलं. कुठल्याशा देशात कुणीतरी कणीक मळत होतं. टीव्हीवरचा पाय हवेतच थांबला आणि चकती पुन्हा फिरू लागली.