खलाशाचं पाणी

सोनुबाईची मूठभर राख परसातल्या आंब्याला टांगलेली होती. बाकीची नीलेशने, तिच्या मुलाने, रीतीप्रमाणे तिसऱ्याच दिवशी उल्हास नदीत सोडली होती. पण एक मूठ तिच्या नवऱ्याने, पदूने, मागून घेतली, तांब्यात घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि तांब्या फांदीला अडकवला. अस्थी घरात घ्यायच्या नसतात, एवढं त्याला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

ती श्रावणात गेली होती. आता वैशाख लागला होता. वर्षश्राद्धाच्या आत तांब्या रिकामा व्हायला हवा, असं भिसेगावातल्या आळीत ज्याने त्याने सांगून झालं होतं.

"बाबा, आईला किती दिवस लटकावून ठेवणार?" नीलेश म्हणाला.

"पाणी सापडंपर्यंत."

"समोर नदी आहे की."

"तिनं ही नदी नाय सांगितली."

तिने सांगितलं होतं ते असं. आजारपणात एकदा डोळा लागता लागता ती म्हणाली, "माझी थोडी राख आज्याच्या पाण्यात सोडा. सगळ्यांनी त्याला तिथं एकटाच ठेवलाय." पदू हो म्हणाला. कुठलं पाणी, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. समुद्र, एवढंच ती म्हणाली असती.

सोनुबाईचं माहेर खालापूरकडे, कुंभिवलीच्या पुढे पाताळगंगेच्या काठी. माणसं भातशेतीची, पण घराला सगळा गाव 'खलाशाचं घर' म्हणायचा. तिचा आजा, राघो हिरू, खलाशी होता आणि बुडून मेला. तेव्हा तिचा बाप रांगत होता. नारळी पौर्णिमेला त्या घरातून नदीत नारळ सोडायचे. शेतकऱ्याच्या घरात ही रीत कुठून आली, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: समुद्र लांब, म्हणून नदीत. नदी नेऊन पोचवते.

पदू स्वतः भिवपुरीच्या पावरहौसला नोकरीत होता. फिटर म्हणून निवृत्त झाला, पण लागला तेव्हा खलाशी म्हणून लागला होता. लग्नात सोनुबाईच्या बापाला ते ऐकून फार बरं वाटलं. सोनुबाईला मात्र हसू आलं. नवऱ्याच्या हातात कधी पाना, कधी फडकं. आयुष्यभर तिने त्याला त्यावरून छळलं. नळ गळायला लागला की म्हणायची, "या खलाशी, बोट बुडाली तुमची." भात करपला आणि पदू काही बोलला की म्हणायची, "खऱ्या खलाश्याची नात हाय मी. पगारापुरत्या खलाश्यानं मला शिकवू नये."

पदूलाही ते पटलेलं होतं. खरा खलाशी तो, आपण नावाचे.

चार घरं सोडून राहणारी हर्षला कोकणातल्या खलाशांवर पीएच.डी. करत होती. कुठल्या गावची माणसं कुठल्या आगबोटीवर गेली, कुठे उतरली, कुठे मेली, हे ती जुन्या कागदांतून शोधायची. पदूने तिला सगळं सांगितलं. तिने वही काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"जहाजाचं नाव काय, काका?"

"आगबोट."

"ती सगळीच आगबोट. नाव?"

पदूला नाव माहीत नव्हतं.

"अवघड आहे," ती म्हणाली. "खलाशांच्या याद्या जहाजाच्या नावावर लावलेल्या असतात. माणसाचं नाव घेऊन आत शिरताच येत नाही. घरात पत्र्याची नळी होती का हो? दाखले गुंडाळून त्यात ठेवायचे लोक."

पदूने सोनुबाईच्या माहेरी फोन केला. नळी नव्हती.

तरी हर्षला त्याला मुंबईच्या पुराभिलेखागारात दोनदा घेऊन गेली. मोठमोठे गठ्ठे, लाल फीत, पंख्याखाली उडणारी पानांची कड. पदूने तिथे खूप राघो पाहिले. रत्नागिरीचे, दाभोळचे, जंजिऱ्याचे. कोणी कोळशावर, कोणी दोरावर, कोणी भटारखान्यात. एडनला ताप येऊन मेलेले, न सांगता उतरून गेलेले. खालापूरचा एकही नव्हता. परतताना पदू म्हणाला, "एवढी माणसं गेली आन सगळ्यांचं लिहून ठेवलंय. आमचाच कसा नाय?"

"लिहिलेलं असेलच," हर्षला म्हणाली. "आपण चुकीच्या खोलीत बसलोय, एवढंच."

मध्यंतरी कुणबी दाखल्यांसाठी तहसील कचेऱ्यांतली जुनी मोडी दप्तरं बाहेर निघाली होती. त्यात गावोगावची कोतवाल बुकं होती. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालाने लिहून ठेवलेलं. त्या बुकांची चित्रं आता कोणालाही पाहता येत होती. हर्षलाला मोडी येत होती. सोनुबाईच्या माहेरच्या गावाचं बुक लॅपटॉपवर उघडून ती पदूच्या ओटीवर बसली आणि एकेक पान पुढे सारत राहिली. पदू चहा ठेवायला आत गेला होता.

"काका! या लवकर!"

तो पातेलं हातात घेऊनच आला.

"राघो हिरू," ती बोट ठेवून वाचू लागली. "जात कुणबी. उमर अजमासे तीस. धंदा खलाशी. कारण, पाण्यात बुडून." तिने वर पाहिलं. "खलाशी, काका! काकू बरोबर सांगत होत्या."

पदूने पातेलं खाली ठेवलं. मोडी त्याला वाचता येत नव्हती, तरी तो बराच वेळ पाहत बसला.

"कुठं बुडाला?"

"ते नाही लिहिलेलं." ती परत पडद्याकडे वळली, आणि या वेळी तिचा चेहरा उतरला. "एक मिनिट. ही नोंद इथे कशी?"

"म्हंजे?"

"कोतवाल गावच्या हद्दीतलं मरण लिहायचा. समुद्रात मेलेला माणूस जहाजाच्या कागदात असतो. इथे असायला नको."

"तार आली असंल."

"तारेने घरी बातमी कळते. बुकात हद्दीतलंच लिहायचं." तिने वरखाली चार-पाच नोंदी वाचल्या. साप चावून, तापाने, बाळंतपणात. सगळी गावातलीच माणसं. "म्हणजे ते गावातच बुडाले. पण मग खलाशी कसे? नदीत कुठली आगबोट?"

पदू म्हणाला, "मी पण खलाशीच होतो."

"तुम्ही? कुठल्या बोटीवर?"

"बोटीवर कुठं गं. पावरहौसला. लागलो तवा खलाशी म्हणूनच लागलो. रेल्वेत पण असतात, पाटबंधाऱ्याला असतात. साहेबाच्या हाताखाली उचल-ठेव करतो तो खलाशी."

हर्षला त्याच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं तिने खलाशी हा एकच शब्द शोधला होता.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती जणांना मी उगाच समुद्रावर पाठवलं असेल."

पदूला हसू आलं. सोनुबाई गेल्यावर पहिल्यांदाच आलं असावं, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. आता जाऊन बायजाताईला सांगावं लागणार.

बायजा ही सोनुबाईची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी परतली आणि त्याच घरात म्हातारी झाली. आजा आगबोटीवरचा, ही तिची आयुष्यभराची मिजास होती. पदू तांब्या पिशवीत घालून गेला. पिशवी त्याने अंगणातल्या पेरूला अडकवली आणि ओटीवर बसून सगळं सांगितलं.

बायजाने ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता माझं आयका, पाव्हणं. तुमी पावरहौसला झाडू मारलात म्हून आमच्या आज्यानं बी मारला काय?"

"झाडू नाय, ताई. पण..."

"आमाला काय सगळा गाव येडा म्हून खलाशाचं घर म्हनतो?"

"खलाशी व्हता, तेच सांगतोय मी. आगबोट नव्हती."

"आगबोट नव्हती? थांबा." ती कमरेवर हात ठेवून उठली. "बसा तिथंच. हलू नका."

ती आत गेली. माळ्यावरचं काही ओढल्याचा, काही पडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पुरुषभर उंचीची सागाची चपटी काठी होती. वरच्या टोकाला कुंकवाचे वर्षावर्षांचे थर.

"आज्याचं वल्हं. दर नारळी पुनवेला पुजतो आमी. पातं मोडलंय. आता सांगा, वल्हं बोटीला नाय तर काय नांगराला लागतं?"

पदूने काठी घेतली. चपट्या बाजूवरून अंगठा वर नेला. एक खाच. वीतभर वर दुसरी. तेवढ्याच अंतरावर तिसरी. तळाशी लोखंडाची पट्टी ठोकलेली. पातं कधी नव्हतंच. असली काठी भिवपुरीला त्याने पहिल्या पावसाळ्यात हातात धरली होती. साहेब काठावर छत्रीखाली आणि खलाशी पाण्यात. काठी उभी धरायची आणि ओरडून आकडा सांगायचा.

हे सांगितलं नाही तर चालणार होतं. तांब्या घेऊन समुद्रावर गेला असता तर बायजा खूश झाली असती, आळीही गप्प झाली असती. पण सोनुबाईने समुद्र मागितला नव्हता. आज्याचं पाणी मागितलं होतं.

"ताई, बोट लावा हितं," तो म्हणाला. "खाचा बघा. ही पानी मोजायची काठी हाय."

बायजाने बोट लावलं. तीन खाचांवरून फिरवलं. पुन्हा खाली आणलं. कुंकू लावताना तिचा हात जन्मभर फक्त टोकाला लागला होता.

"साहेबानं पुरात उभा केला असंल त्याला," पदू म्हणाला. "पानी किती चढलं ते बघायला."

बायजाचं बोट खाचेवरच राहिलं. रस्त्यावरून एक टेंपो गेला. शेजारच्या कोंबड्या अंगणात आल्या आणि गेल्या.

"नारळ कुठं सोडता तुमी?" पदूने विचारलं.

"कोंडीवर. पिंपळाच्या खाली, डोहात."

"गावाचा घाट तर अलीकडं हाय. तिथं का नाय?"

"आजी तिथंच सोडायची. घाटावर सोडूच द्यायची नाय. माझा बाप एकदा घाटावर गेला तर त्याला हाकलत नेला व्हता कोंडीपर्यंत." ती बोलता बोलता थांबली. काठीकडे पाहिलं, मग नदीच्या बाजूला. "म्हंजे म्हातारीला ठावं व्हतं."

"असंल."

"आन आमीच समुद्र लांब, समुद्र लांब करीत बसलो." तिने पदराने नाक पुसलं. "मग म्हातारीनं आमाला का नाय सांगितलं?"

"तुमचा बाप लहान व्हता. रोज त्याच पान्यावर जायचा. समुद्र लांब बरा."

हे खरं की खोटं, पदूला माहीत नव्हतं. बुकात ते नव्हतं आणि हर्षलालाही ते कुठे सापडणार नव्हतं.

उन्हं कलल्यावर दोघं कोंडीवर गेली. नदी तिथे वळते आणि वळणावर पाणी खोल, काळसर असतं. पिंपळाखाली उतरायला दगड होते. पदूने चपला काढल्या, पँट दुमडली आणि तांब्याचं फडकं सोडलं. मंत्र त्याला येत नव्हता. राख पाण्यावर थोडा वेळ थांबली, मग वळणाने वळली आणि दिसेनाशी झाली. त्याने तांब्या विसळून घेतला.

बायजा काठी टेकत उतरली होती. तिने ती पुढे केली.

"घ्या. बघा किती हाय ते."

"आता कशाला?"

"बघा म्हनते ना. खलाशी ना तुमी?"

पदूने काठी घेतली, अजून एक पाऊल पुढे टाकलं आणि ती तळाला लागेपर्यंत सरळ उभी धरली. बोटाने खाचा मोजल्या.

"किती?" बायजाने काठावरून ओरडून विचारलं.

"कंबरभर!" पदूही ओरडून म्हणाला.

"मग ठीक हाय," बायजा म्हणाली. "सोनूला पवता येत नव्हतं."