शाकाहारी पाटी

अंशुलची सोन्याच्या अक्षरांची पाटी धारच्या धर्मशाळेवर लागली, सरळ लागली, आणि आजोबांनी दोन पेढे खाल्ले.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य रांग मोडून पुढे घुसलं होतं, त्याला मागे पाठवलं आहे. आत्ता पाटी देवासला, अंशुलच्या कारखान्यात, दोन स्टुलांवर आडवी पडली आहे. सागवानाची, आठ फूट लांब. अक्षरं कोरून झालीत, पण सोन्याचा कणही चढलेला नाही.

कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. अंशुलचे पूर्वज पवार सरदारांबरोबर दक्षिणेतून आले ते लाकडावर अक्षरं कोरत आणि त्यांवर सोन्याचा वर्ख चढवत. देवासात तेव्हा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकीकडे नवी पाटी लागली की दुसरीला रात्रभर झोप यायची नाही, आणि सकाळी माणूस यायचा. "तसं गिऱ्हाईक पुन्हा झालं नाही," असं आजोबा नारायणराव म्हणतात. मग संस्थानं गेली आणि फ्लेक्स आला. तो समोरच आला, अर्पितच्या दुकानात.

"भिया," अर्पित रोज सकाळी शटर वर करता करता ओरडायचा, "तू एक 'श्री' कोरतोस तेवढ्यात मी अख्खी वरात छापतो. नवरदेवासकट!"

नारायणरावांचं वय एक्याऐंशी. शेव खाता खाता त्यांनी नातवाला निकाल सुनावला होता. "ही पाटी धारला लागली तर कारखाना तुझा. नाही लागली तर कोरायच्या पटाश्या तेल लावून पेटीत, आणि तू समोर अर्पितकडे. वरातीला माणसं हवीच असतात."

म्हणजे प्रश्न एका पाटीचा होता. आणि पाटी अडली होती खारीवर.

झालं असं. धर्मशाळा जैनांची, मोहनखेड्याला जाणारे यात्रेकरू धारला टेकतात त्यांच्यासाठी. तिच्या ट्रस्टचे सेक्रेटरी सुजानमलजी स्वतः काम बघायला देवासला आले. पांढरा कुडता, हातात रजिस्टर. अक्षरांवरून बोट फिरवून ते म्हणाले, "बढ़िया." मग रजिस्टर उघडलं.

"ये सोने का वरक कूटते किसमें हैं? चमड़े में?"

"पूर्वी चामड्यात कुटायचे. हा मशीनवरचा, कागदात कुटलेला," अंशुलने दाखला पुढे केला.

बरोबरची खूण झाली.

"चिपकाते किससे हो?"

"जवसाच्या तेलाने."

आणखी एक खूण.

"और ये बुरुश?"

अंशुलकडे कारागिरीखेरीज एकच गुण होता, आणि तो म्हणजे खरं बोलायची घाई. "खारीच्या शेपटीच्या केसांचा. वर्ख इतका हलका असतो की हाताने धरला तर फाटतो. याच केसांनी उचलावा लागतो."

सुजानमलजींनी ब्रशाकडे बघितलं. "वो गिलहरी अब कहां है?"

"माहीत नाही."

"जिंदा है?"

"शेपटीशिवाय... फारशी नसावी."

रजिस्टर बंद झालं. खारीच्या ब्रशाने सोनं चढणार नाही. दुसरा ब्रश मिळाला तर धारला, आमच्यासमोर चढवा, नाहीतर धर्मशाळा बिनपाटीची बरी. बाहेर पडताना सुजानमलजींना समोर अर्पितचं दुकान दिसलं आणि ते तिथे जरा जास्तच वेळ थांबले.

अंशुलने नायलॉन आणून पाहिला. नायलॉनला वर्ख बिलगला तो सुटेचना. मग त्याने आपली मिशी कापली. मिशी तीन वर्षांची होती आणि तिच्यावर त्याचं प्रेम होतं. तिचा ब्रश बांधला, वर्खावर टेकवला, आणि वर्खाच्या चिंध्या झाल्या.

"मिशी कुठे गेली रे?" माहेरी आलेल्या नीतूताईने विचारलं.

"कामावर."

नीतूताई आली होती ती अकरा महिन्यांच्या अपेक्षाला घेऊन, जावळ काढायला. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि अपेक्षाला मामा एकच. बरोबर सासूबाई जमुनाबाई होत्या, थेट नर्मदाकाठच्या धरमपुरीहून. जावळ नर्मदेत सोडायचा त्यांचा नवस होता आणि नवसावर त्यांची नजर होती.

शुक्रवारी अंशुल पाटावर बसला. मांडीवर अपेक्षा, समोर न्हावी, उजवीकडे जमुनाबाई पदर पसरून, कारण जावळ जमिनीला लागू द्यायचं नाही. अपेक्षाने रीतसर भोकाड पसरलं. पहिली बट निसटली ती अंशुलच्या तळहातावर पडली. त्याने ती गालावर फिरवली, मग पुन्हा फिरवली. खार याहून मऊ नव्हती.

"काकू," तो म्हणाला, "यातले थोडे मला द्याल?"

"कशाला?"

"सोनं उचलायला."

जमुनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "नीतू, तुझ्या भावाला ऊन लागलंय का गं?"

अंशुलने सगळं सांगितलं. खार, मिशी, पेटीत जाणाऱ्या पटाश्या. जमुनाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या तळहातावरची बट उचलून पदरात टाकली. "हे नर्मदामाईचे आहेत. एक केस इकडचा तिकडे होणार नाही."

"नर्मदामाई थोडीच मोजते?"

"मी मोजते."

कोपऱ्यातून नारायणराव बोलले. ज्यांनी पटाश्या पेटीत घालायची धमकी दिली होती, तेच हे नारायणराव. "विहीणबाई, केस नर्मदेतच जातील. देवासहून धरमपुरीला जाताना वाटेत धारला थांबतील, चार अक्षरं करतील, पुढे जातील. यात्रेला निघालेलं माणूस वाटेत मुक्काम करतंच की."

जमुनाबाई विचारात पडल्या. धर्मशाळाच होती, हेही खरं होतं.

"काम झालं की ब्रशासकट माझ्या हातात?"

"ब्रशासकट."

"मग मी बरोबर येणार."

आल्या. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी जमुनाबाई, पदराच्या गाठीत ब्रश. मागे पाटी, अंशुल आणि नारायणराव. आजोबांना घरी थांबा म्हणून सांगितलं होतं. ते आधीच टेम्पोत बसले होते.

धर्मशाळेच्या सभागृहात सुजानमलजी रजिस्टर घेऊन तयार होते, बरोबर दोन ट्रस्टी. ब्रशाची चौकशी झाली.

"बच्ची रोई?"

"रोई," जमुनाबाई म्हणाल्या.

"कितना?"

"रोज आंघोळीला रडते तेवढीच. जास्त रडली असती तर मीच थांबवलं असतं."

सुजानमलजींनी 'स्नान जितना' असं लिहून घेतलं आणि खूण केली. जिवाला इजा नाही. दारं लागली, खिडक्या लागल्या. पंखा बंद झाला, कारण वर्खाला वारा चालत नाही, आणि वैशाखातलं धार आत येऊन बसलं. अंशुलने अक्षरांत जवसाचं तेल भरलं आणि वाट बघितली. हे तेल ओलं असताना वर्ख बुडतो, वाळलं की धरत नाही. मधे तासभर मिळतो. त्याने बोटाची पाठ टेकवून पाहिली, किंचित चिकटली, सुटली. वेळ झाली होती.

त्याने ब्रश गालावरून फिरवला.

"रुको," सुजानमलजी म्हणाले. "गाल पे क्यों?"

"गालाचं जरासं तेल केसांना लागलं की वर्ख उचलला जातो. नाहीतर नाही उचलत."

"अच्छा." पेन वर आलं. "आप प्याज खाते हो?"

अंशुलने सकाळी पोहे खाल्ले होते. देवासचे पोहे, वर कांदा, त्यावर लसणाची शेव. खरं बोलायच्या घाईने त्याने तेही सांगितलं.

ट्रस्टींनी अंशुलच्या गालाकडे असं पाहिलं जणू तिथे कांदा उगवलाय. तीर्थंकरांचं नाव असलेल्या पाटीला लसणाचं तेल लागणार होतं.

"ये नहीं चलेगा."

"साहेब, तेल वाळतंय!"

"लेकिन प्याज—"

अंशुलने पाटीकडे पाहिलं. अजून अर्धा तास, फार तर पाऊण. मग ही अक्षरं खरवडायची, टेम्पो उलटा फिरवायचा, आणि उद्यापासून नवरदेव छापायचे. ट्रस्टींपैकी एकाला दाढी होती. दुसऱ्याने तोंडाला भरपूर पावडर लावली होती.

"मग तुमचा गाल द्या," तो म्हणाला.

सुजानमलजींनी सत्तर वर्षांत बरंच दान दिलं होतं. गाल कुणी मागितला नव्हता. त्यांनी रजिस्टरात पाहिलं, तिथे या बाबतीत काही नव्हतं. मग ते खुर्ची ओढून पाटीजवळ बसले आणि उजवा गाल पुढे केला.

पहिला वर्ख उचललाच गेला नाही. "घाम आहे," अंशुल म्हणाला. "घाम नको, तेल हवं." जमुनाबाईंनी पिशवीतून धुतलेला रुमाल काढला, सुजानमलजींच्या हातात दिला आणि हुकूम सोडला, "पुसा. आणि आता हलू नका हो, सोनं आहे."

दुसरा वर्ख उचलला. गालावर ब्रश, वर्खावर ब्रश, अक्षरावर वर्ख. पुन्हा गाल. पहिलं अक्षर पिवळं झालं. तिसऱ्या अक्षरापाशी सुजानमलजींनी श्वास रोखायला शिकून घेतलं. सहाव्यापाशी त्यांनी आपण होऊन डावा गाल दिला. दहाव्यापाशी पावडरवाले ट्रस्टी काहीतरी विचारायला पुढे सरकले, तर सुजानमलजीच ओठ न हलवता बोलले, "चुप. काम चल रहा है."

शेवटचं अक्षर झालं तेव्हा तेलात जेमतेम चिकटपणा उरला होता. अंशुलने कापसाने हलकेच पुसलं. सैल सोनं उडालं आणि आत कोरलेल्या अक्षरांची धार उभी राहिली, खोल आणि स्वच्छ. नारायणराव उठले, पाटीच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिले, आणि म्हणाले, "पटाश्यांना धार लावून ठेव. बोथट झाल्यात."

पुढचं, म्हणजे लागण्याचं आणि पेढ्यांचं, आपण मघाशी वाचलं नव्हतं, तेव्हा आता व्हायला हरकत नाही. झालं. ब्रश त्याच संध्याकाळी जमुनाबाईंच्या पदरातून नर्मदेत गेला. नवस पुरा झाला.

सुजानमलजी आता येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला पाटीखाली उभं करतात आणि स्वतःच्या गालाला हात लावतात. त्यामुळे महिन्याभरात अंशुलकडे आणखी पाच ट्रस्टांच्या पत्रांची थप्पी लागली. सगळ्यांना तशीच पाटी हवी, अगदी तशीच, आणि तीही शाकाहारी. अर्पितने शटर वर करता करता विचारलं, "भिया, तुझ्याकडे लाकूड घासायला माणूस लागेल का?"

लागणार होता. पण ब्रश नव्हता, आणि अपेक्षाच्या डोक्यावर नवीन केस आले ते खराट्यासारखे. तेव्हा आजोबांनी अर्जाचा मजकूर सांगितला आणि अंशुलने कागदावर उतरवला. देवासच्या कचेरीत सगळं हिंदीत चालतं, मराठी कुणी वाचत नाही, हे आजोबांना कुणी सांगितलं नाही.

*प्रति,*
*मा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिकारी, देवास.*

*विषय: कु. अपेक्षा हिचे वय कायम ठेवणेबाबत.*

*महोदय,*
*उपरोक्त बालिका आमची पणती असून तिचे जावळ एकदाच निघाले, ते नर्मदार्पण झाले. सांप्रत पाच पाट्या खोळंबल्या आहेत. तरी सदर बालिकेस मागील तारखेपासून पुनश्च अकरा महिन्यांची करून, पाचही पाट्या पूर्ण होईतोवर त्याच वयात ठेवणेचा हुकूम व्हावा, व तशी नोंद तिच्या जन्मदाखल्यावर सहीशिक्क्यानिशी करून मिळावी, ही नम्र विनंती.*