मधले जांब

"मावशी, अजून दोन पावलं. सरळ!" जोआना जवळजवळ ओरडलीच.

हेलन मावशींनी डोळ्यांवरचा जोआनाच्या खेळाचा जाडजूड चष्मा सावरला. त्यातून भुईगावचं अंगण आहे तसंच दिसत होतं, फक्त हवेत लाल जांब लटकत होते. कडेचे त्यांनी पटापट तोडले आणि मधल्या घोसांना वळसा घालून पलीकडे गेल्या.

चार वाजता डॉक्टर संपदा येणार होत्या. म्हाताऱ्यांच्या व्यायामाचा हा खेळ त्यांच्या केंद्रात घ्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं. जोआनाची दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती आणि सकाळी खेळताना शेजारच्या फर्डिनंड काकांनीही मधल्या जांबांशी असंच सात जन्मांचं वैर धरलं होतं.

"गुडघा दुखतो का, मावशी?"

"छे गं. ठणठणीत हाय."

म्हणजे यंत्रच बिघडलं. जोआनाने लॅपटॉपवर दोघांच्या चालण्याच्या रेषा एकावर एक ठेवल्या. दोन्ही एकाच जागी वळल्या होत्या. मधे लांबट गोल जागा कोरी राहिली होती.

"पप्पा, इथे काय आहे?"

पडवीत बसलेल्या गॅब्रिएलनी पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बावखल होतं. पायऱ्यांचं तळं, बारमाही गोडं पाणी. तू दोन वर्षांची असताना मीच बुजवलं, फरशीचं अंगण करायला."

"तिथं कोण पाय टाकील?" हेलन मावशी सहज म्हणाल्या. "पायऱ्या निसरड्या हायेत."

पंचवीस वर्षं ही माणसं त्या फरशीला वळसा घालत होती आणि जोआनाने ते कधी पाहिलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने खेळातले मधले घोस पुसून टाकले, त्या जागी हिरवट पाणी भरलं, काठाशी चार जांब तरंगत ठेवले.

तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर कागद घेऊन खुर्चीत बसल्या.

"कोण खेळणार?"

गॅब्रिएल उठले. त्यांचा गुडघा वाकत नव्हता. संपदांनी सांगितलेला एकही व्यायाम त्यांनी धड केला नव्हता. वर्षभर चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेलाही ते गुडघे न टेकता उभेच राहत.

चष्मा लावून त्यांनी त्या हिरवट पाण्याकडे पाहिलं. मग काठाशी गेले, चपला काढल्या आणि हळूहळू गुडघे टेकून खाली बसले.

"पप्पा, जांब उचला."

त्यांनी जांबांना हात लावला नाही. फरशीवर वाकून चष्म्यातल्या पाण्याने ओंजळ भरली.

पडद्यावर गुण शून्यच होते. डॉक्टर मात्र पडद्याकडे नाही, गॅब्रिएलच्या टेकलेल्या गुडघ्यांकडे बघत होत्या.