रजेवरच्या बाईची सही

वर्गाच्या शेवटच्या शुक्रवारी परीक्षा होती. ही परीक्षा दिली नाही, तर तिला नोकरीवर घ्यायचं कबूल केलेलं रुग्णालय जागा दुसरीला देणार होतं. करारात तसं स्वच्छ लिहिलं होतं. अकरा वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली ही नर्स आता परक्या देशात, आठ आठवड्यांच्या जर्मनच्या वर्गात, रोज नऊ ते चार बाकावर बसत होती. वयाने तिच्याहून लहान असलेल्या बाई तिची वही लाल करून परत देत. चार वाजता वर्ग सुटला की ती जिन्याजवळच्या खिडकीत उभी राहून फोन उघडायची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकटा भाऊ वडिलांच्या डायलिसिसच्या चार्टचा फोटो पाठवायचा. आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, खाली टेक्निशियनची सही. नुसतं 'बाबा बरे आहेत' तिला चालत नसे.

"बरे म्हणजे किती? आकडा सांग."

"ताई, फुटलेल्या मोबाइलची गिऱ्हाइकंसुद्धा मला इतकं छळत नाहीत," दुकानातून भाऊ म्हणायचा.

परीक्षेच्या आठवड्यातल्या बुधवारी फोटो आला. वजन आधी एकसष्ट पॉइंट चार, नंतर एकोणसाठ. तारखेवर भावाचा अंगठा आला होता. तिने सही मोठी करून पाहिली आणि तिथूनच फोन लावला.

"हा चार्ट कधीचा?"

"आजचाच की."

"सही कोणाची आहे?"

"नेहमीच्या टेक्निशियनबाईंची."

"त्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या बाळाचा फोटो तूच पाठवला होतास मला."

मागून वडिलांचा आवाज आला, "दे इकडे."

वडील टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण ताठ होता.

"पकडलंस ना? मी त्याला म्हटलं होतं, तिला कागद दाखवू नकोस, तोंडी काय ते सांग. ऐकेल तर शपथ."

"बाबा, कितीदा चुकवलंत?"

"चुकवलं नाही. बंद केलं. मागच्या बुधवारी शेवटचं. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, मी दोनदा ऐकून घेतलं, मग सही दिली. चाळीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या गं. आता माझी एक चालू ठेवायला आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून राहायचं, आणि उरलेले दिवस त्याचा शीण काढायचा. नको वाटतं."

तिने मनात दिवस मोजले. सात झाले होते. हाती अजून दोन, फार तर पाच. पेशंट शुद्धीवर आहे, निर्णय त्याचा आहे, हे वाक्य तिने किती नातेवाइकांना समोर बसवून सांगितलं होतं. दुसऱ्याच्या बापाबद्दल ते सहज सांगता येत होतं.

"मी निघते."

"निघ. पोचायला दीड दिवस. परीक्षा बुडेल, आणि इथे येऊन तू माझा हात धरून बसशील. मला ते आवडेलही. पण ती परीक्षा तू दिलीस, एवढं ऐकायचंय मला."

बराच वेळ ती खिडकीची कडी वरखाली करत राहिली.

"मग मला खोटं सांगायचं नाही. दोघांनीही. जो आकडा असेल तो."

"बरं," वडील म्हणाले. "आकडा तर आकडा."

त्या दोन संध्याकाळी तिने जर्मनची वही बाजूला ठेवून भावाला शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओठ ओल्या कापसाने पुसायचे. श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचे, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करायचे नाहीत. भावाने वहीत रकाने आखले. पहिल्या पानावर खाडाखोड होती, दुसऱ्यावर नव्हती. शुक्रवार संध्याकाळच्या विमानाचं तिकीटही तिने काढून ठेवलं.

शुक्रवारी लेखी भाग चांगला गेला. तोंडी परीक्षेला टेबलापलीकडे दोघं होते. उपचार बदलल्याचं पेशंटच्या मुलाला समजावून सांगा, असा प्रश्न होता. ती दोन वाक्यं बोलली आणि थांबली. शब्द येत होते, आवाज येत नव्हता. परीक्षकाने प्रश्न पुन्हा विचारला. तिने अर्धंमुर्धं उत्तर दिलं, मग वेळ संपली.

बाहेर येऊन तिने फोन लावला.

"श्वास चोवीस," भाऊ म्हणाला. "सकाळपासून दोन चमचे पाणी. मधेमधे गुंगी येते. आत्ता जागे आहेत. तुझीच वाट बघतायत." त्याने फोन वडिलांच्या कानाशी धरला.

"झाली?"

'छान झाली' हे तिच्या जिभेवर तयार होतं. एवढंच ऐकून त्यांनी सुखाने डोळे मिटले असते, आणि खरं काय ते त्यांना कधीच कळलं नसतं.

"लेखी चांगली गेली. तोंडीत अडकले. पास होईन की नाही, सांगता येत नाही. निकाल तीन आठवड्यांनी."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तिला तो मोजावासा वाटला. तिने मोजला नाही.

"कुठे अडकलीस?" वडिलांनी विचारलं.

ती पायरीवर बसली. दुसऱ्या वर्गाची माणसं उतरू लागली, तशी भिंतीकडे सरकली. दोघं परीक्षक कसे बसले होते, काय विचारलं, ती काय बोलली, कुठल्या शब्दाशी थांबली, तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. मधेच तिला वाटलं, त्यांना झोप लागली असेल. ती थांबली.

"मग?" वडील म्हणाले.

ती पुढे सांगू लागली.