वळणावरचे दोन ठोके

मी एक जुनी सडक आहे, मित्रांनो. मी अगदी नवी, काळीभोर होते तेव्हा माझ्या शेजारच्या पायवाटेने मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. मी ती हसण्यावारी नेली. ती म्हणाली होती, “तुझ्यावरून जाणाऱ्यांची फार काळजी करत बसू नकोस. त्यांना दुसरा रस्ता मिळेल. तुझ्या कडेला बसलेल्यांची कर. ते तुझ्या भरवशावर बसलेले असतात.”

मला वाटलं, म्हातारी आहे, बोलायचंच. माझ्यावरून पहिला ट्रक नुकताच गेला होता आणि माझं अंग अजून थरथरत होतं. कडेला बघायला सवड कोणाला होती?

कागदावर माझं नाव मोठं होतं: पर्यायी राज्य मार्ग. माझी थोरली बहीण म्हणजे मुख्य राज्य मार्ग. ती नदीकाठाने सरळ जायची. मला तिचाच आकडा दिला होता आणि पुढे एक ‘अ’ जोडला होता. थोरलीचे कपडे धाकटीला घालावेत तसा तो आकडा मला जरा सैलच व्हायचा. नदी चढून थोरली पाण्याखाली गेली, की गाड्या माझ्याकडे वळवायच्या, एवढ्यासाठी माझा जन्म.

मी शहराच्या बाजारामागून निघते. सुतारांची दुकानं, लाकडाच्या वखारी, मुलींच्या शाळेची लांबलचक भिंत, विटांच्या भट्ट्या असं करत डोंगराच्या पायथ्याशी येते. मग चढ लागतो. चढताना मी इतकी वळते, की वरच्या वळणावरून पाहिलं तर खालची मी दुसरीच कोणीतरी वाटते. खिंड ओलांडून मी पलीकडे उतरते, पिठाच्या गिरण्यांमधून वाट काढते आणि पलीकडच्या शहराच्या रेल्वे स्टेशनासमोर येऊन थांबते.

खिंडीच्या जरा अलीकडे एक कातळ पुढे आलेला आहे. माझं काम चाललं होतं तेव्हा तो सुरुंगाने उडवायचं ठरलं होतं. पहिल्याच सुरुंगाला एक कपची निघाली आणि तिच्या आत शंख-शिंपले दिसले. दगडात, डोंगरात इतक्या उंचावर. कामगार हातातलं टाकून गोळा झाले.

मुकादमाने विचारलं, “साहेब, इथं समुद्र होता?”

इंजिनियर साहेब म्हणाले, “होता. कधी, ते मात्र विचारू नका. त्या वेळी विचारायलाही कोणी नव्हतं.”

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. जिथून ट्रक जाणार होते तिथून एके काळी मासे गेले होते, हे ऐकून मला स्वतःचं वय अगदीच पोरकट वाटलं. साहेबांनी कातळ आणखी निरखून पाहिला आणि म्हणाले, “ह्याला हात लावू नका. वरचा सगळा डोंगर ह्याच्या खांद्यावर आहे.” म्हणून तो कातळ तसाच राहिला आणि तिथे मी इतकी अरुंद झाले, की एका वेळी एकच गाडी जाते. शिवाय अलीकडच्याला पलीकडचं दिसत नाही.

ह्या वळणावर एक पंक्चरवाला आपल्या बायकोला घेऊन आला. त्यांनी पत्र्याची खोली बांधली, तीही नेमकी अशा कोपऱ्यावर, की दारातून दोन्हीकडचा चढ दिसावा. एक दिवस दोन ट्रक वळणात समोरासमोर अडकले.

“मी भरलेला आहे, तू रिकामा. तू मागं घे.”

“तू भरलेला आहेस तो स्वतःच्या हौसेनं. तूच घे.”

दुपार झाली. दोन्हीकडे रांगा लागल्या. तेव्हा ती बायको दारात येऊन म्हणाली, “दोघंही इथंच संसार मांडा आता. चूल मी देते.” सगळे हसले, दोघं चालकही हसले आणि भरलेलाच मागे गेला.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रकच्या चाकाची एक जुनी रिम दारातल्या झाडाला टांगली. वळणाआधी गाडीने हॉर्न द्यायचा. तिने दोन्हीकडे नजर टाकून टायर उचकटायच्या लोखंडी टॉमीने रिमवर ठोका मारायचा. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे या. कोणी तिला हे काम दिलं नव्हतं. पण महिन्याभरात लांबलांबचे चालक ते ठोके ओळखू लागले आणि तिचं नाव ठणमावशी पडलं.

मित्रांनो, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा. ठोका पडला की आधी रिम बोलते, मग कातळ, मग समोरचा डोंगर, आणि सगळं संपलं असं वाटत असताना खूप खालून दरी उत्तर देते. मी तो हजारो वेळा ऐकला आहे. तरी दरवेळी माझी खडी शहारते.

केवढं काय काय गेलं माझ्यावरून. बर्फाच्या लाद्या गेल्या, पाण्याचा माग ठेवत. सर्कशीचे हत्ती गेले. तेव्हा मावशीने दोन ठोके दिले आणि पुढचा हत्ती थबकून रिमकडे बघत राहिला. धरणावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचं चाक गेलं. ते एखाद्या घराएवढं होतं आणि त्याच्या गाडीला खाली इतकी चाकं होती, की कुठलं कुठलं माझ्यावर पडतंय ते मला कळेना. माणसं तिच्या बाजूने चालत होती आणि कुजबुजत होती, जसं काही ते चाक झोपलं आहे आणि उठवायचं नाही. चाक वळण पार करेपर्यंत मावशी पलीकडच्या प्रत्येक हॉर्नला एक ठोका देत राहिली.

आणि नदी चढली त्या वर्षी तर सगळं राज्यच माझ्याकडे आलं. दूध, औषधं, टपाल, वराती, रुग्णवाहिका. मावशी रिमपाशी उभी आणि नवरा तिला घास भरवतो आहे, असं चित्र होतं. पाणी उतरल्यावर मोठे अधिकारी आले आणि खिंडीत एक पाटी लावून गेले. तिच्यावर माझं कौतुक होतं. मावशीचं नाव पाटीवर नव्हतं. खरं सांगते, तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा झाला. मी त्याचा राग करत नाही. ज्या डोंगराला वळसे घालता घालता माझा जीव जातो, त्यातून तो सरळ निघून जातो. एक घोट पाणी पिऊन होईतो माणूस पलीकडे. नवलच आहे ते. पण त्यानंतर एक माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि माझ्या दगडांवरचा आकडा पुसत गेला. ‘अ’सुद्धा. पायथ्याशी पाटी लागली: ‘हा रस्ता राज्य मार्ग राहिलेला नाही. वापर स्वतःच्या जबाबदारीवर.’ माझ्या भेगांत गवत आलं. सकाळी ससे माझ्या मधोमध बसून अंग चाटू लागले.

मावशीचा नवरा तोवर वारला होता. शहरातला भाचा येऊन म्हणायचा, “मावशी, चल आता. इथं कुत्रं फिरकत नाही.”

“येतं की कोणीतरी,” मावशी म्हणायची. “आणि आलं, तर पलीकडचं कोण बघून सांगणार त्याला? तू?”

खरंच एक गाडी येत असे. दर शनिवारी, पांढरी, छोटी. चालवणारी बाई नुकती आई झालेली होती. ती माहेरी जायची. मागे नवरा बाळाला घेऊन बसायचा. बोगद्याची तिला भीती वाटे. “आत गाडी बंद पडली तर? दिवे गेले तर? बाळाला धूर लागला तर?” नवरा म्हणायचा, “लाखो लोक जातात रोज, त्यांना बाळं नाहीत का?” ती म्हणायची, “असतील. त्यांची त्यांनी बघावीत.” आणि गाडी माझ्याकडे वळवायची.

पहिल्यांदा आली तेव्हा तिने सावधपणे हॉर्न दिला. दोन ठोके आले. ती गाडी थांबवून उतरली.

“हे आमच्यासाठी?”

“मग काय सशांसाठी?” मावशी म्हणाली. “समोरून कोणी नाही. जा बिनघोर.”

“समोरून येणारच नाही कोणी, मावशी. रस्ता बंद झालाय.”

“तो तुझा अंदाज. मी बघून सांगते.”

त्या बाईच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते विसरणार नाही. आपल्याइतकीच काळजी करणारं दुसरं कोणी जगात आहे, हे कळल्यावर माणूस जसं सैल होतं, तशी ती झाली.

आणि मग तो शनिवार आला. सकाळी मावशी कळशी घेऊन झऱ्यावर गेली. झरा माझ्या शेजारच्या त्याच पायवाटेने खाली. ती वाट आता एकट्या मावशीचीच उरली होती. ओल्या दगडावरून तिचा पाय सटकला आणि ती कमरेवर पडली. हाक मारली तर आवाज झुडपांपलीकडे जाईना. पायवाटेने तिला अंगावर झेललं होतं, पण मला दोघींपैकी कोणालाच हात देता येत नव्हता; मला तर जागचं हलताच येत नाही. मित्रांनो, मी एवढी लांब आहे, दोन शहरांना जोडते, पण कोणाला बोलावून आणू शकत नाही. तिथे मोबाइलही लागत नाही. ऊन चढत होतं. मी एकाच गोष्टीची वाट पाहत होते.

गाडी आली. हॉर्न वाजला. रिम गप्प.

पुन्हा हॉर्न.

“अगं चल,” नवरा मागून म्हणाला. “कोण येणार आहे समोरून?”

“समोरचं नाही विचारत मी.”

“झोपली असेल.”

“तिला झोपलेली पाहिली आहेस कधी? बाळाला धर. मी बघून येते.”

“तुझं ना, प्रत्येक गोष्टीत...” तो म्हणाला, पण तोही उतरला.

खोली उघडी होती. चूल थंड. अंथरुणाची घडी केलेली. ती दारात आली, इकडेतिकडे बघत राहिली. हाका मारल्या. मग तिचं लक्ष रिमकडे गेलं. तिने टॉमी उचलली आणि दोन ठोके मारले.

रिम बोलली. कातळ बोलला. समोरचा डोंगर बोलला. खालची दरी बोलली. आणि सगळं शांत झाल्यावर झुडपांतून, अगदी बारीक, एक आवाज आला. कळशीवर दगड आपटल्याचा.

एकच ठोका. थांबा.

त्या कातळात समुद्र सापडला त्या दिवसानंतर मी इतकी स्तब्ध कधी झाले नव्हते. ती बाई पायवाटेने धावत खाली गेली. तिथे मावशी होती, ओठ सुकलेले, हातात दगड. “एवढा उशीर करतात होय माहेरी जायला?” म्हणाली. मागोमाग आलेल्या नवऱ्याने बाळ बायकोकडे दिलं आणि मावशीला पाठीवर घेतलं. बाळ तिच्याकडे बघून हसलं. गाडी वळणाशी आली तेव्हा मागच्या सीटवरून मावशी कण्हत म्हणाली, “थांब, समोरून कोणी येतंय का बघ आधी.” आणि त्या नवऱ्याने, हो, त्यानेच, खाली उतरून बघितलं.

कंबरेचं मोडलेलं हाड जुळायला बराच काळ गेला. भाच्याने खूप विनवलं, पण मावशी काठी घेऊन परत आली. आता झऱ्याचं पाणी नळीने दारात येतं. खाट अशी ठेवली आहे, की पडल्या पडल्या दोन्हीकडचा चढ दिसावा. पायवाटेवर आता कोणीच उतरत नाही. तिचं म्हणणं मला पटायला किती वर्षं लागली, हे मी तिला रोज सांगते. ऐकू जातं की नाही, कोण जाणे. तिच्यावर गवत फार झालं आहे.

मित्रांनो, मला डांबर नको. आकडाही नको. पण कधी मोठे झालात, कधी ह्या बाजूला आलात आणि बोगद्याआधी डावीकडे एक गवताळ सडक वर जाताना दिसली, तर तेवढी वाकडी वाट करा. कातळाआधी हॉर्न द्या. एक ठोका आला तर थांबा. दोन आले तर या. आणि काहीच आलं नाही, तर गाडी बाजूला घ्या, बाळाला कोणाकडे तरी द्या आणि उतरून बघा.