डावीकडचा ब्रेक

जुनी गाडी द्यायची आणि नवी घ्यायची असं घरात ठरलं, तेव्हा सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. म्हातारा रडणार की रुसून बसणार, एवढाच काय तो प्रश्न होता. काकूंकडे कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी कपड्यांच्या घड्या घालणारी एक बाई, यापलीकडे काही दिसलं नसतं. काकू मात्र हातातल्या टॉवेलची घडी तिसऱ्यांदा मोडून परत घालत होत्या.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. गावातली निम्मी माणसं गाडी चालवायला शिकली ती त्यांच्या शिव्या खात. शिकवायची गाडी एकच, पिवळी, आणि तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. मग खऱ्या मास्तरीणबाईंना काय म्हणायचं, म्हणून शिकायला येणाऱ्या पोरापोरींनी त्यांना काकू करून टाकलं. "मास्तर दोन संसार सांभाळतात, आणि पहिलीला आठवड्यातून तीनदा आंघोळ घालतात," हा विनोद काकूंनी इतक्या वेळा ऐकला होता की आता तो त्याच सांगायच्या.

चार वर्षांपूर्वी मास्तरांनी शाळा बंद केली, पण मास्तरीण ठेवली. तिच्यात एक गोष्ट इतर गाड्यांपेक्षा वेगळी होती. डावीकडच्या सीटपुढे, जिथे शिकवणारा बसतो, तिथे पायाशी आणखी एक ब्रेक होता. शिकणाऱ्याने घोटाळा केला की मास्तर शेजारून तो दाबायचे. शाळा बंद झाल्यावर ती जागा काकूंची झाली, आणि तो ब्रेक आता नुसता शोभेचा आहे असं घरातले सगळे समजत होते.

तो शोभेचा नव्हता. गेली दोन वर्षं ती गाडी दोघं मिळून चालवत होते, आणि हे फक्त काकूंना माहीत होतं.

सुरुवात अगदी साधी झाली. मास्तरांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायला लागला. चहाचा कप ते टेबलाच्या डाव्या कडेवर ठेवायला जायचे आणि तो खाली पडायचा. वय झालं, धांदरटपणा वाढला, असं म्हणून काकू फरशी पुसायच्या. मग एके दिवशी बाजाराच्या वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला. चांगला धिप्पाड माणूस, लाल सदऱ्यातला. मास्तर तसेच वळत राहिले. काकूंना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांचा पाय आपोआप खाली गेला आणि मास्तरीण जागच्या जागी थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

"कोण ओरडलं गं?" मास्तरांनी विचारलं. ते उजवीकडे बघत होते.

काकूंचं काळीज त्या क्षणी जे धडधडायला लागलं, ते दोन वर्षांत पूर्ण शांत झालं नाही. डोळे तपासून घेऊ, असं त्यांनी एकदा म्हणून बघितलं. मास्तर चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा चष्मा घेऊन आले आणि विषय संपला. पुन्हा काढला असता तर मास्तरांची किल्ली गेली असती, आणि किल्ली गेली की मास्तरांमध्ये उरतं काय, हा विचारच काकूंना करवत नव्हता. म्हणून त्यांनी बडबड सुरू केली. "अय्या, डावीकडे केवढा मोठा कुत्रा!" "तो बघा, डावीकडे स्कूटरवाला, काय पण शर्ट घातलाय!" आईला बाहेर पडलं की फार चेव येतो, असं मुलगा म्हणायचा. बोलून भागलं नाही की पाय होताच. मागच्या सीटवर नात बसलेली असायची. तिला पोहायच्या क्लासला आजी-आजोबाच न्यायचे. काकू जीव मुठीत धरून बसायच्या आणि स्वतःला सांगायच्या, माझा पाय ब्रेकवर आहे ना, मग झालं तर.

आता गाडीबरोबर तो ब्रेकच चालला होता.

मास्तरीण घ्यायला मास्तरांची जुनी शिष्या आली. आता तिची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती. ती गाडीभोवती फिरली, बॉनेट उघडलं, मग डावीकडच्या सीटवर बसून पाय खाली घातले आणि वाकून बघितलं.

"मास्तर, इकडच्या ब्रेकचं रबर नवंकोरं आहे की हो. कधी बदललं?"

"झिजलं होतं," मास्तर म्हणाले. "पाय सटकला असता."

"शाळा बंद होऊन एवढे दिवस झाले. झिजवलं कुणी?"

"तुझ्या काकूचा पाय जड आहे."

सगळे हसले. मुलगा हसला, सूनबाई हसली, शिष्या तर डोळे पुसेपर्यंत हसली. रबर त्यांनी बदललं नव्हतं. बदलायचं असतं हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे यांना माहीत होतं. आपण ब्रेक दाबतो हे माहीत होतं, आणि आपली चप्पल सटकू नये म्हणून यांनी गुपचूप खाली बसून ते रबर बदललं होतं. काकूंना क्षणभर त्यांच्याबद्दल इतकं वाटलं की रडूच फुटायचं बाकी राहिलं. आणि लगेच त्याहून मोठी भीती वाटली. स्वतःला दिसत नाही हे माहीत असूनही हा माणूस रोज पोरीला मागे बसवून गाडी काढत होता. आणि त्याला काढू देणाऱ्या आपण होतो.

मास्तरीण फाटकाबाहेर गेली तेव्हा मास्तरांनी तिच्या टपावर दोनदा थाप मारली. पुढच्या वळणावरसुद्धा तिचा खडखडाट ऐकू येत होता. मग तोही थांबला.

नवी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. विजेवर चालणारी, पांढरी, एखाद्या दवाखान्यासारखी स्वच्छ. मुलाचा आनंद गगनात मावत नव्हता. बापाने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवण्यात एक गाडी झिजवली, आता त्याने आरामात फिरावं, असं त्याचं मनापासून म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बिघडली?" काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती.

"अगं आई, चालू झाली! हिला आवाजच नाही." मग तो मास्तरांना समजावायला लागला. "बाबा, आजूबाजूला काही आलं की ही स्वतःच पीं पीं करते. कुठून आलं तेही दाखवते."

काकूंचा जीव भांड्यात पडला, पण तो घटकाभरच.

"ती पिपाणी आधी बंद कर," मास्तर म्हणाले. "आजवर शेजारी बसून लोकांवर मी ओरडलो. आता या डब्याचं ऐकून घेऊ होय?"

मुलगा मोठ्यांदा हसला आणि कौतुकाने त्याने ती बंद करून टाकली. काकूंनी तोंड उघडलं. सूनबाई त्यांच्याकडे बघत होती. काकू म्हणाल्या, "राहू दे की रे, आवाज तेवढाच गमतीचा." तो विनोद समजून सगळे पुन्हा हसले. खरं बोलायला जीभ एवढी जड होते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग बसायची वेळ आली.

"तुझी आई पुढे बसते," मास्तर म्हणाले. हे ते जरा घाईने म्हणाले, आणि तो आवाज काकूंनी बरोबर ओळखला. मास्तरही घाबरले होते.

"आज मी पुढे! तुम्हाला सगळी बटणं दाखवायला नकोत का? आई मागे ऐसपैस बसेल." मुलगा बसलासुद्धा. सूनबाई घरीच थांबली. काकू त्याच्या मागच्या सीटवर बसल्या, आणि उजवीकडे टिकली, म्हणजे त्यांची नऊ वर्षांची नात. तिला सगळे टिकलीच म्हणायचे, कारण ती कुठेही चिकटून बसायची.

गाडी निघाली. मास्तरीण निघाली की रस्त्यावरची पोरं आपसूक बाजूला व्हायची, तिचा खडखडाट आधीच सांगून ठेवायचा. ही मात्र मांजरासारखी चालत होती. काकूंनी डावीकडच्या काचेला नाक लावलं आणि बडबड सुरू केली, पण मागून समोरचं काय दिसणार? जे दिसायचं ते मागे गेल्यावर. "डावीकडे हातगाडी!" त्या म्हणाल्या तेव्हा हातगाडीवाला आधीच उडी मारून बाजूला झाला होता.

"बाबा, डावीकडे फार घासून घेताय," मुलगा म्हणाला.

"नव्या गाडीचा अंदाज यायला वेळ लागतो."

"हो, हो, सावकाश." मुलगा समोरच्या पडद्यात गाणी शोधत होता. "आणि आई, उद्यापासून तू त्या क्लासच्या फेऱ्या करायच्या नाहीस हां. तुझे गुडघे आधीच दुखतात. टिकली पुढे बसेल, बाबा सोडतील आणि घेऊन येतील. दोघांची मजा."

"येस!" टिकली ओरडली. "मी पुढे! आजीच्या जागेवर!"

काकूंच्या डोळ्यांसमोर ती डावीकडची सीट आली. त्यात पाय लोंबकळत बसलेली टिकली, खाली सपाट मॅट, आणि डावीकडून येणारं ते सगळं, जे मास्तरांना दिसणार नव्हतं. आता बोलायचं, त्यांनी ठरवलं. पुढच्या वळणानंतर. मग, त्या दुकानानंतर. मग, घरी गेल्यावर, चहा झाल्यावर, मास्तर आतल्या खोलीत गेले की. आरशात त्यांना मास्तरांचे डोळे दिसले. ते त्यांच्याकडेच बघत होते, आणि दोघांनीही नजर वळवली.

घर आलं. फाटक उघडायचा मान नेहमीचा टिकलीचा. ती उतरून पळत पुढे गेली, दोन्ही झडपा आत ढकलल्या आणि दिसेनाशी झाली.

मास्तरांनी गाडी आत वळवली. मुलगा अजून पडद्यातच डोकं घालून होता. काकूंनी समोर बघितलं. समोर टिकली नव्हती. उजव्या झडपेपाशी नव्हती. पायरीवर नव्हती. म्हणजे एकच बाजू उरली, आणि ती मुलाच्या खांद्याआड लपली होती. काकूंनी पाय दाबला. सगळं अंग घालून दाबला. मॅट मऊ होती, पाय तिच्यात रुतला, आणि गाडी चालतच राहिली.

"थांबा!" काकू किंचाळल्या. "अहो, थांबा! पोर आहे!"

गाडी थांबली. मग डाव्या दिव्यासमोरून, बंपरपासून वीतभर अंतरावर, टिकली उठून उभी राहिली. तिच्या हातात सँडलचा सुटलेला पट्टा होता.

"काय झालं आजी? मला कळलंच नाही गाडी एवढी जवळ आली." तिने बॉनेटवर हात ठेवला आणि दुसरा हात हलवला. "या आबा, या, जागा आहे!"

"काय हे आई, केवढ्यांदा ओरडतेस," मुलगा छातीवर हात ठेवून हसायला लागला. "ती बघ, आहे की समोर!"

"कुठे आहे ती?" मास्तरांनी विचारलं.

मुलगा हसतच होता. "अहो बाबा, ही काय—" त्याने बापाकडे बघितलं. मास्तर उजवीकडची झडप बघत होते, मग पायरी, मग परत झडप. डावीकडे टिकली नाचून हात हलवत होती. मुलाचं हसू हळूहळू उतरलं.

"कुठे आहे गं ती?" मास्तरांनी पुन्हा विचारलं. आता ते मुलाला नाही, काकूंना विचारत होते.

"डावीकडे," काकू म्हणाल्या. "धडधाकट आहे. हात हलवतेय तुम्हाला." आणि मग मुलाच्या मानेकडे बघत त्यांनी सांगून टाकलं. "त्यांना डावीकडचं दिसत नाही रे. दोन वर्षं झाली. त्या गाडीत ब्रेक मी दाबत होते."

मुलगा मागे वळला नाही. तो काचेबाहेर आपल्या मुलीकडे बघत होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "रोज? ही मागे बसलेली असताना?"

"हो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं दार उघडलं, उतरला, आणि टिकलीला उचलून कडेवर घेतलं. नऊ वर्षांच्या पोरीला कुणी कडेवर घेत नाही. ती खुदखुदत पाय झाडायला लागली, तसं त्याने तिला आणखी घट्ट धरलं.

गाडीत दोघंच उरली. मास्तरांनी बोटाने चाचपडत बटण शोधलं आणि दाबलं. आवाज आधीही नव्हता, नंतरही नव्हता. ते थोडा वेळ कान देऊन बसले.

"बंद झाली का गं?" त्यांनी विचारलं.

"झाली," काकू म्हणाल्या. त्यांचा पाय मात्र अजून मॅटवर तसाच दाबलेला होता.